हॅरीची चूक आणि आपले वर्ग

मुलांस तत्त्वज्ञान शिकवावें काय, असा प्रश्न निघाला कीं आपल्याकडील उत्तर ठरलेलें असतें: आधीं पाढे पाठ होऊं द्या, ब्रह्म आणि माया यांचें मग पाहूं. परंतु कठोपनिषदांत बापाला तोच अडचणीचा प्रश्न तीनदां विचारणारा नचिकेता कुमारवयाचाच आहे. आणि बापानें संतापून त्यास मृत्यूच्या स्वाधीन केलें. आपल्या शाळांतून या कथेचा उत्तरार्ध तेवढा निष्ठेनें पाळला जातो.

मॅथ्यू लिपमन या अमेरिकन प्राध्यापकाची १९७४ सालची ‘हॅरी स्टॉटलमायर्स डिस्कव्हरी’ ही मुलांसाठीं लिहिलेली कादंबरी या प्रश्नाचें उत्तर वादानें न देतां कृतीनें देते. विचाराची शिस्त लावण्यास कॉलेजचें वय फार उशिराचें आहे, असें कोलंबिया विद्यापीठांत शिकवीत असतां लिपमन यांस वाटूं लागलें. पुढें न्यू जर्सींतील माँटक्लेअर स्टेट कॉलेजांत त्यांनीं याच कामासाठीं संस्था काढली. नायकाच्या नांवांत अ‍ॅरिस्टॉटलवर श्लेष आहे. तो मुलांस न कळला तरी बिघडत नाहीं.

कथेचा आरंभ एका फजितीनें होतो. वर्गांत हॅरीचें लक्ष नाहीं. शिक्षक विचारतात, लांब शेपूट असलेली आणि ७७ वर्षांनीं सूर्याभोवतीं एक फेरी पुरी करणारी वस्तु कोणती? सर्व ग्रह सूर्याभोवतीं फिरतात, एवढें त्याच्या कानांवर पडलेलें. तो ‘ग्रह’ म्हणून मोकळा होतो आणि वर्ग हंसतो. पाठ्यपुस्तक येथें ‘धूमकेतु’ हें उत्तर पुरवून पुढें गेलें असतें. हॅरी मात्र आपल्या चुकीपाशींच थांबतो. सर्व ग्रह सूर्याभोवतीं फिरतात खरे, पण सूर्याभोवतीं फिरणारें सर्व कांहीं ग्रह नव्हे! खरें वाक्य उलटें केलें कीं खोटें ठरतें, असा नियम तो बसवितो. तोंच लिसा नांवाची मुलगी ‘एकही गरुड सिंह नाहीं’ हें वाक्य पुढें करते. तें उलटें करूनही खरेंच राहतें, आणि बिचाऱ्याला नियम दुरुस्त करावा लागतो.

पुढें आईकडे आलेली एक बाई दुसरीविषयीं कुजबुजते: ती रोज दारूच्या दुकानांत शिरतांना दिसते, ज्यांचें व्यसन सुटत नाहीं असे लोकही तेथेंच जातात, तेव्हां... हॅरीला आपला ग्रह आठवतो. पुस्तकाचें मर्म मला येथें दिसतें. तर्काच्या एका रुक्ष नियमानें, समोर नसलेल्या एका स्त्रीची अब्रू राखली जाते.

कादंबरी या नात्यानें मात्र हें लेखन बेताचेंच आहे. बरीचशी पात्रें माणसें कमी आणि उदाहरणें अधिक अशीं आहेत. सोबत शिक्षकांसाठीं मार्गदर्शिकाही आहे, आणि भीति वाटते ती तिचीच. आमच्या हातीं ती पडली कीं हॅरीचा शोध ‘रिकाम्या जागा भरा’ या सदरांत जाऊन बसेल.

मराठींत याचें भाषांतर करण्याची घाई कोणीं करूं नये. इंग्रजींत वाक्य शब्दांची अदलाबदल करून उलटें होतें. मराठींत त्यासाठीं ‘जो जो, तो तो’ अशी वेगळी योजना लागते. शिवाय आपल्या नैयायिकांनीं हाच धडा फार पूर्वीं घालून ठेवला आहे: जेथें धूर तेथें अग्नि, पण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यांत अग्नि असून धूर नाहीं. लोहाराची भट्टी आजच्या मुलांनीं पाहिली नसेल, परंतु गॅसची शेगडी बहुतेकांच्या घरीं आहे. तिची आठवण होऊन एखादा मुलगा ‘मग तेथें धूर कां नाहीं?’ असें विचारील, तेव्हां गुरुजींनीं लगेच बोलूं नये. पुढच्या बांकावरील एखाद्या मुलीला काय वाटतें, तें आधीं ऐकावें.