पिवळ्या दिव्याखाली काय दडले?

मेंदूला अगदी लहानपणी इजा झाल्याने सेरेब्रल पाल्सी होते आणि बहुतेक मुलांचे स्नायू ताठर होतात. त्यावरील उपचारांचा इओना नोव्हाक व सहकाऱ्यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेला आढावा बराच गाजला. ६४ उपचार, त्यांच्या परिणामांच्या १३१ नोंदी आणि प्रत्येक नोंदीला सिग्नलचा दिवा: हिरवा म्हणजे करा, तांबडा म्हणजे नको. घोट्याची हालचाल वाढवण्यासाठी पायाला प्लास्टर घालणे हिरव्यात आले. हाताळणीतून ताठरपणा घालवू पाहणारी, वर्षानुवर्षे शिकवली गेलेली बोबाथ पद्धत तांबड्यात. हे धाडसाचेच. 'उपचार कशासाठी?' हा प्रश्न लेखक सोडत नाहीत, हेही उत्तम. स्नायू सैल होणे वेगळे आणि मुलाला फळ्यापर्यंत चालता येणे वेगळे.

पण पिवळ्याचे काय? 'बहुधा करावे' अशा ७६ नोंदी आणि 'बहुधा करू नये' अशा २६, दोन्ही पिवळ्याच! शिवाय पुरावा तोकडा असणे म्हणजे उपचार निरुपयोगी ठरणे नव्हे, हा भेद रंगात पुसला जातो. रोज मुलाचे पाय ताणून देणाऱ्या आईला नेमका तोच कळायला हवा असतो. २०२० च्या सुधारित आढाव्यातही दिव्यांची हीच पद्धत आहे.