ईश्वरी योजना आणि घरखर्च : ‘स्मृतिचित्रे’च्या कथनरूपाविषयी

मराठी ख्रिस्ती आत्मकथनांचा विचार आपल्याकडे बहुधा धर्मांतराच्या सामाजिक परिणामांच्या अंगाने झाला. श्रद्धा ही कथनाची रचना कशी ठरवते, हा प्रश्न त्या मानाने मागे राहिला. ‘माझे बेत मोडले आणि देवाने मला त्याच्या वाटेने नेले’ हे विधान केवळ भक्ताची कबुली नसते. ते एक कथनतत्त्वही असते. निवेदक मुक्कामाला पोचलेला असतो आणि मागे वळून पाहताना प्रत्येक अपघात त्याला योजना वाटू लागतो. बाबा पदमनजींच्या ‘अरुणोदया’त (१८८८) तर शीर्षकानेच शेवट सांगून टाकला आहे. पहाट होणार हे ठरल्यावर रात्रीला स्वतःचा अर्थ उरत नाही.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण याहून गुंतागुंतीचे आहे. शारदा सदनाला अमेरिकेतून मिळणारे साहाय्य दहा वर्षांपुरते होते. पुढची तरतूद म्हणून त्यांनी केडगावला जमीन घेतली. तिथे फळबाग करायची आणि तिच्या उत्पन्नावर संस्था चालवायची, असा अगदी व्यवहारी बेत होता. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी शेकडो मुली-बायका आणल्या आणि बागेच्या जागी ‘मुक्ती’ उभी राहिली. १९०७ च्या इंग्रजी साक्षीत रमाबाई हे सारे देवाच्या खजिन्यातून आलेले म्हणून सांगतात. तरी विहिरी खणून घेणारी, धान्याचा हिशेब ठेवणारी बाई त्या साक्षीमागे सतत जाणवते. विश्वास ठेवणारी व्यक्ती आणि घर चालवणारी व्यक्ती इथे एकच आहे. म्हणून त्या कथनात ताण असला तरी दुभंग नाही.

टिळकांच्या घरात या दोन व्यक्ती वेगळ्या होत्या. मला वाटते, ‘स्मृतिचित्रे’ या फटीतून जन्माला आले.

नारायण वामन टिळकांच्या आयुष्यात साक्षीला लागणारी सगळी सामग्री होती. १८९३ मध्ये आगगाडीत भेटलेल्या एका युरोपीय गृहस्थाने त्यांना नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पुढे १९१७ मध्ये मिशनच्या पगारी चाकरीतून मुक्त होऊन त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभा केला. टिळकांनी लिहिले असते तर या घटनांची एक सरळ, वर चढत जाणारी रेषा झाली असती. लक्ष्मीबाईंच्या हातात ती रेषा मोडते. बाप्तिस्म्याची बातमी पोचते तेव्हाचा आकांत, माहेरच्या-सासरच्या माणसांत पोर सांभाळत काढलेले दिवस, टिळकांचे न सांगता निघून जाणे, हातातला पैसा भेटेल त्याला देऊन मोकळे होणे : हे सारे त्या नोंदवत जातात आणि कोणत्याही घटनेला ‘हीच देवाची इच्छा होती’ असा उत्तरार्ध जोडण्याची घाई करत नाहीत. वास्तविक तसे करणे त्यांना सहज शक्य होते. १९३४ पासून पुस्तक भागाभागांनी प्रसिद्ध होऊ लागले तेव्हा त्या स्वतः तीन दशकांहून अधिक काळ ख्रिस्ती होत्या.

समीक्षकांनी याला प्रांजळपणा म्हटले, विनोद म्हटले. दोन्ही खरे, पण अपुरे. हा विनोद एक धर्मशास्त्रीय भूमिका आहे. देवावर हवाला टाकणे पवित्र असेल, परंतु त्या हवाल्याचे पैसे दुसऱ्याच कुणाच्या तरी संसारातून चुकते होतात, एवढेच तो न रागावता सांगतो.

पिरंगुटला पदव्युत्तर वर्गात हे शिकवताना एका विद्यार्थिनीने विचारले होते, “मॅडम, मग तुकारामांच्या बायकोने काय लिहिलं असतं?” मुलगी कारखान्यातली पाळी करून वर्गाला येत असे. तिचा प्रश्न मी अजून सोडवते आहे. टिळक आपण तुकोबांच्या सेतूवरून ख्रिस्तापर्यंत आलो असे मानत. त्या सेतूवर आवलीही उभी होती, हे मात्र आपण विसरतो. महिपतीच्या संतचरित्रांत ती उपाशी लेकरांसाठी कडाकडा भांडते आणि कथन तिला संताच्या कसोटीचे साधन करून ठेवते. महिपतीचे ताहाराबाद राहुरी तालुक्यातले आणि टिळक कुटुंबाचा बराच काळ गेला तोही राहुरीतच. याला योगायोगच म्हणावे. पण त्याच मुलखात आवलीच्या बाजूने लिहिणारी निवेदक मराठीला मिळाली.

यावर एक आक्षेप रास्त आहे. लक्ष्मीबाई शेवटी त्याच वाटेने गेल्या ना? गेल्या. परंतु कशा? माणसामाणसांतले भेद माणसांनीच केलेले, देवाने नव्हे, हे त्यांना एकटीला, स्वतःशी विचार करताना पटले आणि त्यांनी सोवळे सोडले. तिथे ना भाकीत आहे, ना दृष्टान्त. बुद्धीने घेतलेला निर्णय आहे आणि तो इतक्या साध्या शब्दांत येतो की पुढचा १९०० मधला बाप्तिस्मा त्याच्यापुढे औपचारिक वाटावा. मार्गदर्शन इथे बेताच्या विरुद्ध उभे नाही. ते विचाराच्या आतून येते. टिळकांना हे असे आयते मिळाले नव्हते, असेही म्हणता येईल.

आणि ‘ख्रिस्तायन’? टिळकांचा सर्वांत मोठा वाङ्मयीन बेत त्यांच्या १९१९ मधील निधनाने अपुरा राहिला. तो पूर्ण केला लक्ष्मीबाईंनी.