नाव बहिणाबाईंचे, भाषा कोणाची?

विद्यापीठाला कोणाचे नाव द्यायचे हा प्रश्न महाराष्ट्रात कधीच केवळ नावाचा नव्हता. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यातल्या दलित वस्त्या पेटल्या. माणसे मारली गेली, घरे जळाली, गावे सोडावी लागली. नाव लागले ते १४ जानेवारी १९९४ ला, आणि तेही नामांतर न म्हणता नामविस्तार म्हणून. २०१८ साली जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. एकही घर जळले नाही. याचा आनंदच आहे. पण ज्या नावाला विरोध होत नाही ते नाव व्यवस्थेने पचवले आहे का, हे तपासून पाहणे समीक्षेचे काम आहे. बहिणाबाईंच्या नावाला माझा विरोध नाही. त्या नावातून जे निष्पन्न व्हायला हवे होते ते वर्गापर्यंत आले का, एवढाच माझा प्रश्न आहे.

विद्यापीठाची स्थापना १५ ऑगस्ट १९९० ची. तोपर्यंत जळगाव-धुळ्याची महाविद्यालये पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. प्रश्नपत्रिका पुण्याची, अभ्यासक्रम पुण्याचा आणि शुद्धतेची कल्पनाही पुण्याची. भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला'तला (१९६३) पांडुरंग सांगवीकर खानदेशातून पुण्याला शिकायला जातो. त्याचे तुटलेपण मराठी समीक्षेने भरपूर चर्चिले. पण सांगवीकराच्या मागे शेती होती, वाडा होता, परत जायला गाव होते. ज्याचा बाप दुसऱ्याच्या बांधावर राबत होता, ज्याला गावातच गाव नव्हते, त्या मुलाच्या तुटलेपणाची दखल घ्यायला दलित आत्मकथने यावी लागली. स्वतंत्र विद्यापीठ झाले तेव्हा अंतर कमी झाले हे खरे. माझ्यासारखा, घरातला पहिला पदवीधर, धुळे जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो आहे, तो याच बदलामुळे. हे ऋण मी नाकारत नाही. परंतु पुणे जवळ आले म्हणून पुण्याची मोजपट्टी गेली, असे मात्र झाले नाही.

ही मोजपट्टी कशी चालते याचे उदाहरण बहिणाबाईंच्याच भाषेत आहे. असोद्यात १८८० साली जन्मलेली, अक्षरओळख नसलेली ही शेतकरी बाई. तिच्या बोलीत 'ळ' च्या जागी 'य' येतो. डोळा हा 'डोया' होतो, काळा हा 'काया' होतो. हीच अक्षरे पुस्तकात छापून आली की प्राध्यापक त्यांना 'मातीचा गंध' म्हणतात. तीच अक्षरे रावेर-यावलच्या मुलाने उत्तरपत्रिकेत लिहिली की त्याखाली लाल रेघ येते. 'मला' ऐवजी 'माले' म्हणणारी मुलगी वर्गात हसू होते आणि दुसऱ्या दिवसापासून हात वर करणे सोडते. एका वक्तृत्व स्पर्धेत सातपुड्यातून आलेल्या माझ्या विद्यार्थ्याचे गुण 'उच्चारदोष' म्हणून कापले गेले. विषय होता, 'लोकसाहित्याचे जतन'. परीक्षकांना यात काहीही विसंगत वाटले नाही. बोली मेलेल्या कवयित्रीची असेल तर संस्कृती, आणि जिवंत विद्यार्थ्याची असेल तर दोष, असा हा न्याय आहे.

बहिणाबाईंची गाणी ग्रंथरूपाने आली १९५२ साली, त्यांच्या मृत्यूनंतर. सोपानदेव हा कवी मुलगा होता आणि आचार्य अत्रे यांच्यासारखा प्रस्तावनाकार मिळाला, म्हणून ती आली. आता विचारायचे ते असे : महारवाड्यात, मांगवाड्यात, भिलाटीत, तांड्यावर जात्यावर गाणाऱ्या किती बायांना सोपानदेव नव्हता? त्यांच्या गाण्यांचे काय झाले? विद्यापीठ या कवयित्रीचे नाव लावते तेव्हा, ज्यांचे शब्द कोणी टिपले नाहीत त्यांचे देणेही ते अंगावर घेते. नावाचा अर्थ एवढा गंभीरपणे घ्यायला हवा.

कोणी म्हणेल, अहिराणीचा आता गौरव होतोच आहे. संमेलने होतात, गाणी लोकप्रिय होतात. २०११ च्या जनगणनेत खानदेशी या नोंदीखाली १८ लाखांहून अधिक भाषिक आहेत. हे स्वागतार्ह आहे. पण या गौरवातही एक उतरंड तयार होते आहे. ग्रिअर्सनने आपल्या भाषिक सर्वेक्षणाच्या नवव्या खंडात (१९०७) खानदेशीला कोणाच्या शेजारी बसवले? भिली बोलींच्या आणि बंजारा लोकांच्या लभाणीच्या. त्याचे वर्गीकरण भाषाशास्त्रज्ञांना मान्य असो वा नसो, खानदेशी माणसाला ते एक गोष्ट सांगते : तुझी बोली तुझ्या सालदाराच्या आणि तांड्यावरच्या बाईच्या बोलीची शेजारीण आहे. अहिराणीचा अभिमान बाळगणारा सुस्थित वर्ग हे शेजारपण सांगत नाही. प्रमाण मराठीने आपल्याला जे केले तेच तो पावरी आणि मावचीला करतो. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, महाविद्यालयांतून समारंभ झाले. अभिजाततेचा आनंद मीही मानतो. मात्र तो आनंद ज्या व्यासपीठावर साजरा झाला, तिथे बोलींना भाषण करायला किती ठिकाणी बोलावले आणि नाच करायला किती ठिकाणी, हे वाचकांनी आपापल्या महाविद्यालयापुरते आठवून पाहावे.

सांस्कृतिक विविधता म्हटली की आपल्याकडे स्नेहसंमेलन आणि युवक महोत्सव डोळ्यांपुढे येतात. ढोल वाजतो, सातपुड्यातली मुले नाचतात, प्रमुख पाहुणे टाळ्या वाजवतात, छायाचित्र वार्षिक अहवालात जाते. दुसऱ्या दिवशी तीच मुले शिष्यवृत्तीच्या अर्जातली त्रुटी दुरुस्त करायला कार्यालयाच्या खिडकीशी उभी असतात आणि आतून आवाज येतो, "स्कॉलरशिपवाले बाजूला थांबा." काल रंगमंचावर जो संस्कृती होता तो आज खिडकीशी केवळ एक प्रवर्ग असतो. शहाद्याचे वाहरू सोनवणे १९७० च्या दशकातल्या श्रमिक संघटनेच्या लढ्यातून आले. आदिवासींच्या वतीने दुसऱ्यांनीच बोलत राहण्याचा हा प्रश्न त्यांनी 'स्टेज' या कवितेत कधीच मांडला आहे. 'गोधड' (१९८७) हा त्यांचा संग्रह आपण अभ्यासक्रमाला लावतो तेव्हा ती कविता आपल्याच सभागृहाविषयी आहे हे मुलांना सांगतो का?

'समावेशन' हा शब्द हल्ली फार ऐकू येतो. मला या शब्दाची शंका येते. समावेश करणारा घरमालक असतो आणि ज्याचा समावेश होतो तो पाहुणा. बाबासाहेबांनी १९५० मध्ये औरंगाबादला महाविद्यालय सुरू केले, ते पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. तिथे दलित मुलगा पाहुणा नव्हता. प्राचार्य म. भि. चिटणीस यांचे 'युगयात्रा' हे नाटक त्या आवारातले. दलित साहित्याची एक सबंध पिढी त्या वसतिगृहांतून आणि वर्गांतून उभी राहिली. तिथल्या मुलाला हे आवार आपले आहे अशी खात्री होती, आणि त्या खात्रीतून साहित्य निर्माण झाले. खानदेशातही आठवणी कमी नाहीत. धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यात बाबासाहेबांचा मुक्काम झाला, त्या स्मृतीसाठी दर ३१ जुलैला हजारो माणसे तिथे जातात. हा खानदेशचा सांस्कृतिक इतिहास आहे. तो मिरवणुकीत जिवंत आहे. स्थानिक इतिहासाच्या अभ्यासपत्रिकेत तो किती आहे?

हे सारे केवळ वाङ्मयीन गाऱ्हाणे आहे असे कोणी समजू नये. जळगावची डॉ. पायल तडवी ही तडवी भिल्ल समाजातली मुलगी. ती मुंबईत स्त्रीरोगशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणाला गेली आणि २२ मे २०१९ रोजी तिने जीवन संपवले. जातीवरून छळ झाल्याचा आरोप झाला, तीन वरिष्ठ डॉक्टरांना अटक झाली, प्रकरण न्यायालयात गेले. तिची आई आबेदा तडवी आणि हैदराबादच्या रोहित वेमुलाची आई राधिका वेमुला या दोघींनी त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले. मागणी साधी होती : विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ मध्ये भेदभाव रोखण्यासाठी जे नियम केले, समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी नेमायला सांगितले, ते प्रत्यक्षात यावेत. दोन आयांना आपली मुले गमावल्यावर नियमांची आठवण करून द्यावी लागते, यावरून आपल्या आवारांची स्थिती कळते. वर्गात उच्चारावर हसणे आणि वसतिगृहात जातीवर बोलणे या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. पहिल्या गोष्टीला शिक्षक गप्प राहतो, म्हणून दुसरीला धीर येतो.

मग करायचे काय? मोठ्या घोषणांची गरज नाही. तोंडी परीक्षेत विद्यार्थ्याला आपल्या बोलीत उत्तर देता यावे. लोकसाहित्याच्या प्रकल्पात मुलांनी घरातल्या आजीची गाणी टिपावी आणि 'एक वृद्ध स्त्री' असे न लिहिता त्या आजीचे नाव, गाव आणि तिचे काम लिहावे. युवक महोत्सवाच्या निवड समितीत पावरा आणि भिल्ल समाजातली जाणकार माणसे परीक्षक म्हणून असावीत. समान संधी कक्षाच्या अधिकाऱ्याचे नाव सूचनाफलकावर असावे, आणि वर्षभरात किती तक्रारी आल्या, त्यांचे काय झाले, हे विद्यार्थ्यांना वाचता यावे. यातल्या पहिल्या दोन गोष्टींसाठी शासननिर्णयाची वाट पाहण्याचे कारण नाही. अंतर्गत गुण आपल्याच हातात असतात.

'अंतरी पेटवू ज्ञानज्योत' हे या विद्यापीठाचे बोधवाक्य आहे. ज्याच्या अंतरी ज्योत पेटवायची त्याला आधी तोंड उघडू द्यावे लागते. आपण मराठीचे शिक्षक येत्या सत्रात उत्तरपत्रिका तपासायला बसू, तेव्हा 'डोया' या शब्दाखाली रेघ ओढण्याआधी आपल्या विद्यापीठाचे नाव एकदा वाचावे, एवढी माझी विनंती आहे.