संदेशलोप आणि विवक्षा : एका नियंत्रणशास्त्रीय निबंधाचे परीक्षण

एकामागून एक धावणाऱ्या स्वयंचलित मोटारींमधील बिनतारी संदेश मध्येच तुटला, तर मागच्या मोटारीने काय करावे? या प्रश्नावर यरून प्लूख, हेंक नेयमेयर प्रभृती नेदरलँड्समधील संशोधकांचा एक निबंध २०१५ साली 'आयईईई ट्रान्झॅक्शन्स ऑन इंटेलिजंट ट्रान्सपोर्टेशन सिस्टिम्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यातील गणिताविषयी अधिकारवाणीने बोलणे प्रस्तुत लेखकाचे काम नव्हे. परंतु निबंधाचा सारा भार 'संदेशवहन' या कल्पनेवर आहे, आणि ती कल्पना भाषाशास्त्राच्या कक्षेत येते. त्या अंगाने निबंधाची तपासणी करणे अनाठायी ठरू नये.

वाहनांच्या रांगेत पुढच्याने वेग किंचित कमी केला की मागचा थोडा अधिक कमी करतो, त्याच्यामागचा त्याहून अधिक. आणि एक क्षुल्लक धक्का मागे जाता जाता एवढा वाढतो की शेपटाकडील वाहनांना थांबावे लागते. धक्का असा वाढत जाऊ नये, यास साखळीचे स्थैर्य म्हणतात. निबंधातील हिशेबाप्रमाणे, केवळ रडारवर विसंबणाऱ्या मोटारीस त्यासाठी ३.१६ सेकंदांचे अंतर राखावे लागते. संदेश मिळत असल्यास ०.२५ सेकंद पुरतात. ताशी ९० किलोमीटर वेगाला ही अंतरे अनुक्रमे सुमारे ७९ व ६ मीटर भरतात. लेखकांनी या दोहोंमध्ये एक पायरी बसविली आहे. संदेश खंडित होताच रडारने मोजलेले अंतर आणि सापेक्ष वेग यांवरून पुढच्या मोटारीचे त्वरण अनुमानाने काढावयाचे, मग १.२३ सेकंद, म्हणजे सुमारे ३१ मीटर, पुरेसे होतात. या योजनेस ते 'ग्रेसफुल डिग्रेडेशन' म्हणतात. मराठीत 'सौम्य अपकर्ष' म्हणता येईल. अर्थपरिवर्तनाच्या चर्चेतून 'अपकर्ष' ही संज्ञा आपल्या परिचयाची आहेच. योजना चतुर आहे, आणि लेखकांनी ती प्रत्यक्ष मोटारींवर अजमावून पाहिली आहे, हे तिचे मोठे बळ होय.

आमचा आक्षेप अनुमानावर नाही. जे हरवले तेच अनुमानाने परत मिळते, असा जो समज वाचकाच्या मनात राहतो, त्यावर आहे. पुढची मोटार बिनतारी मार्गाने आपले प्रत्यक्ष त्वरण कळवीत नाही. ती आपले इष्ट त्वरण कळविते; तिच्या यंत्रास दिलेली, अद्याप चाकांपर्यंत न पोहोचलेली आज्ञा कळविते. आपल्या वैयाकरणांच्या परिभाषेत ही विवक्षा झाली. रडारला दिसते ती मात्र कृती, आणि तीही घडून गेल्यानंतर. संदेशाने मागच्या मोटारीस जी आगाऊ सूचना मिळत होती, ती कोणत्याही गणिताने परत येत नाही. १.२३ आणि ०.२५ यांमधील सुमारे एका सेकंदाच्या तफावतीचा मोठा भाग, आमच्या मते, याच विवक्षेची किंमत आहे.

अनुमानासाठी लेखकांनी योजिलेले प्रतिमान सिंगर यांचे, १९७० सालचे आहे. मुळात ते रडारवरून हालत्या लक्ष्याचा माग काढण्यासाठी बनलेले. ज्याच्या मनात काय आहे हे आपल्याला कळणार नाही, अशा मनुष्यचालित वाहनाच्या हालचाली त्यात संभाव्यतेने मांडल्या जातात. तेव्हा संदेश तुटला की क्षणापूर्वीचा वक्ता लक्ष्य बनतो, आणि श्रोत्याची जागा पाठलाग करणारा घेतो. या भूमिकाबदलाची नोंद निबंधात व्हावयास हवी होती.

दुसरा मुद्दा लोपाचा. पाणिनीच्या शास्त्रात लोप म्हणजे प्राप्त असलेल्याचे न दिसणे. जे मुळात प्राप्तच नव्हते, त्याचा लोप होत नाही. निबंधातील वाहने ठराविक आवर्तनाने संदेश पाठवितात, म्हणून चुकलेला संदेश चुकला म्हणून ओळखता येतो. परंतु युरोपीय दूरसंचार प्रमाण-संस्थेचा, म्हणजे 'एट्सी'चा, वाहनांच्या नित्य संदेशासंबंधीचा नियम निराळा आहे. मागील संदेशानंतर दिशा ४ अंशांहून, स्थान ४ मीटरांहून किंवा वेग सेकंदास अर्ध्या मीटरहून अधिक बदलला, तरच नवा संदेश. एरवी १ सेकंदापर्यंत मौन चालते. हमरस्त्यावर चार मीटर हां हां म्हणता सरतात. मात्र कोंडीत ताशी १८ किलोमीटरने सरळ जाणारी मोटार सुमारे ०.८ सेकंद गप्प राहू शकते. तेवढ्या अवधीतील मौन 'सांगण्यासारखे काही नाही' असे आहे की 'सांगितले ते पोहोचले नाही' असे, हे मागच्या मोटारीने कसे ठरवावे? संदेश उशिरा येत असतील तर केव्हा अनुमानावर जावे, याचा निकष लेखकांनी दिला आहे व तो उपयुक्तही आहे. पण विलंब समजण्यास आधी अपेक्षा निश्चित असावी लागते. गर्दीच्या रस्त्यावर नेमकी तीच अनिश्चित असते.

राहता राहिली पोच. निबंधातील रचनेत संदेश पुढून मागे जातो. मागून पुढे काहीच येत नाही. आसमंतातील सर्वांसाठी सोडलेल्या अशा बिनतारी संदेशास पोच देण्याची सोयही नसते. सहा मीटरांवरील मोटार बहिरी झाली आहे, हे पुढच्या मोटारीस कळत नाही, आणि ती पूर्वीच्याच निर्धास्तपणे ब्रेक लावते. मागच्या मोटारीस तर अजून २५ मीटर मागे सरावयाचे असते, तेही वेग कमी करून, म्हणजे आपल्या मागच्यांना नवा धक्का देऊन. लेखकांनी या व्यवस्थेच्या नावात 'सहकारी' हे विशेषण ठेवले आहे. निबंधात वर्णिलेल्या संदेशवहनाला ते फारच उदारपणे लावलेले दिसते.