आस्वादाचे हस्तांतरण : व्हिडिओ गेमचा अनुभव आणि जिवलग मित्र

१

मनाला भिडलेली कलाकृती जवळच्या मित्रापर्यंत पोहोचवावी ही ओढ आस्वादाचाच उत्तरार्ध मानावी लागते. साहित्याच्या बाबतीत ही ओढ सहज पुरी होते. कादंबरी मित्राच्या हाती देता येते, कविता म्हणून दाखवता येते, नाटकाला त्याला सोबत नेता येते. व्हिडिओ गेमच्या बाबतीत मात्र वाट अडते. एखाद्या खेळाने हेलावून गेलेला माणूस मित्राला त्याचे कथानक सांगू लागतो, आणि ऐकणाऱ्याला ते सामान्य, क्वचित बाळबोधही वाटते. सांगणाऱ्याच्या आवाजातील कंप आणि सांगितल्या जाणाऱ्या गोष्टीचा साधेपणा यांचा मेळ बसत नाही. मित्र मन राखण्यासाठी मान डोलावतो, इतकेच.

ही अडचण सांगणाऱ्याच्या निवेदनकौशल्यातील उणिवेमुळे येते, की ती माध्यमाच्या स्वरूपातच आहे? हा प्रश्न वरवर दिसतो तितका किरकोळ नाही. जो अनुभव दुसऱ्यापर्यंत पोहोचवता येत नाही, त्याला कलानुभव म्हणावे की खाजगी भावविवशता, हा सौंदर्यशास्त्रातील जुना पेच त्यात दडलेला आहे. प्रस्तुत निबंधात तीन खेळांच्या आधारे या पेचाचा विचार केला आहे. त्यांपैकी एक खेळ एकट्याने खेळायचा आहे, दुसरा अनोळखी सोबत्याबरोबर, तर तिसरा ओळखीच्या जोडीदाराबरोबर.

२

‘ब्रदर्स : अ टेल ऑफ टू सन्स’ हा खेळ स्वीडनमधील स्टारब्रीझ स्टुडिओज या संस्थेने तयार केला आणि तो २०१३ मध्ये प्रकाशित झाला. त्याचा दिग्दर्शक जोसेफ फारेस बैरूतमध्ये जन्मलेला आणि लहानपणी कुटुंबासह स्वीडनमध्ये आलेला. खेळांकडे वळण्यापूर्वी त्याने चित्रपट दिग्दर्शित केले होते. खेळाचे कथानक लोककथेच्या वळणाचे आहे. वडील आजारी पडतात आणि त्यांना वाचवणारे जीवनवृक्षाचे पाणी आणण्यासाठी दोन भाऊ निघतात. आई पूर्वीच बुडून मरण पावली आहे. तिला वाचवता आले नाही हे शल्य धाकट्याच्या मनात आहे आणि त्याला पाण्याची भीती बसली आहे. जिथे पोहावे लागते तिथे तो थोरल्याच्या पाठीला धरून पार होतो. वाटेत थोरला प्राणघातक जखमी होतो. धाकटा पाणी घेऊन परततो तेव्हा भाऊ गेलेला असतो. धाकटा त्याला स्वतः पुरतो आणि एकटाच घराकडे निघतो.

एवढे सांगितल्यावर कोणताही श्रोता ‘अशा गोष्टी पुष्कळ आहेत’ असे म्हणेल, आणि त्यात त्याचे काही चुकणार नाही. खेळाचे मर्म कथानकात नसून रचनेत आहे. दोन्ही भावांना एकच खेळाडू एकाच वेळी चालवतो. कंट्रोलरची डावी बाजू थोरल्याची, उजवी धाकट्याची. डावा अंगठा थोरल्याला चालवतो. डावीकडचे बटण दाबले की तो धरतो, ओढतो, पोहतो. उजवीकडे धाकट्यासाठी हीच व्यवस्था आहे. प्रारंभी हातांचा गोंधळ उडतो, भाऊ एकमेकांना धडकतात. सुमारे तीन तासांच्या खेळात हा गोंधळ हळूहळू निवतो आणि डावा हात म्हणजे थोरला हे समीकरण विचार न करता अंगवळणी पडते. थोरला गेल्यानंतर डाव्या हाताला काम उरत नाही. पडद्यावरील मृत्यू खेळाडूला या रिकाम्या हातात जाणवतो.

शेवटी घर जवळ येते, पण मध्ये पुराचे पाणी असते. धाकटा काठाशी अडतो. त्याचे, म्हणजे उजवीकडचे, बटण दाबून काही होत नाही. खेळाडू अखेर, काहीशा अविश्वासाने, मृत भावाचे डावीकडचे बटण दाबतो, आणि धाकटा पाण्यात उतरून पोहू लागतो. पुढे जड खटका ओढतानाही हेच बटण उपयोगी पडते. भावाचे बळ धाकट्यात उतरले, हे विधान कोणतेही पात्र करीत नाही. ते खेळाडूच्या डाव्या हाताने केले जाते.

हा प्रसंग मित्राला सांगताना नेमके काय गळते? घटना गळत नाही, प्रतीकही गळत नाही. वरच्या परिच्छेदात दोन्ही आली आहेत. गळते ती हाताची सवय. तीन तासांत मुरलेली सवय वाक्यात घालून दुसऱ्याच्या हवाली करता येत नाही.

३

भारतीय काव्यशास्त्राच्या दृष्टीने पाहता येथे एक जुना वाद नव्याने उभा राहतो. रस कुणाच्या ठायी असतो, हा तो वाद. भट्टलोल्लटाने तो मुख्यतः अनुकार्याच्या ठायी, म्हणजे मूळ रामादिकांच्या ठायी, आणि त्या अनुषंगाने नटाच्या ठायी मानला. अभिनवगुप्ताने नटाला रसास्वादाचे केवळ साधन ठरवले. नटाला ‘पात्र’ म्हणतात ते याचसाठी, असे त्याचे मार्मिक स्पष्टीकरण आहे. मद्याची चव भांड्याला कळत नाही, ती पिणाऱ्याला कळते. उलट ‘दशरूपका’चा कर्ता धनंजय नटालाही काव्यार्थाच्या भावनेने आस्वाद घेता येतो हे नाकारीत नाही.

व्हिडिओ गेमचा खेळाडू या विभागणीत कुठे बसतो? तो नट आहे, कारण त्याच्या कृतीवाचून पडद्यावर काही घडत नाही. तो प्रेक्षकही आहे, कारण आस्वाद घेणारा दुसरा कुणी तिथे नसतो. म्हणजे येथे भांडे आणि पिणारा एकच आहे. मित्राला अनुभव देण्यातील अडचणीचे मूळ यातच सापडते. नाटक पाहून आलेला माणूस मित्राला ज्या जागी बसवू पाहतो ती प्रेक्षकाची जागा असते, आणि प्रेक्षागारात दोघांना जागा असते. खेळात मित्राला जी जागा द्यायची ती नटाची असते, आणि ‘ब्रदर्स’सारख्या खेळात ती एकच असते.

न. चिं. केळकर यांनी १९२१ च्या बडोदे साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून मांडलेली ‘सविकल्प समाधी’ची कल्पना येथे आठवते. स्वतःची भूमिका न सोडता दुसऱ्याच्या भूमिकेशी तादात्म्य पावणे हे त्यांनी वाङ्मयीन आनंदाचे मर्म मानले. केळकरांसमोर वाचक होता. त्याची समाधी आणि तिच्यातील विकल्प दोन्ही मनातल्या मनात घडणारे. ‘ब्रदर्स’मध्ये हे द्वैत शरीरात उतरले आहे: एकच मन, पण दोन हातांत दोन भूमिका.

यावर एक आक्षेप संभवतो. भारतीय परंपरेत कथानक आधी ठाऊक असणे हा रसास्वादातील अडथळा मानला गेलेला नाही. नाटकाची वस्तू प्रख्यात असावी असाच शास्त्राचा दंडक होता. रामाचा वनवास ठाऊक असूनही प्रेक्षक हेलावतो, तर पुराच्या प्रसंगाची वाच्यता झाल्याने मित्राचे काय हरवते? आक्षेप योग्य आहे, पण त्याचे उत्तर अभिनवगुप्ताच्याच सहृदय-कल्पनेत मिळते. काव्याच्या अनुशीलनाने, अभ्यासाने ज्याच्या मनाचा आरसा स्वच्छ झाला आहे तो सहृदय. म्हणजे प्रख्यात कथेचा आस्वाद सहृदयाच्या पूर्वसंचित अभ्यासावर उभा असतो. श्रोत्याजवळ रामकथेचा तो अभ्यास पिढीजात असतो. ‘ब्रदर्स’ला मात्र असा अभ्यास गृहीत धरता येत नाही, तो तीन तासांत स्वतःच घडवावा लागतो. त्यामुळे शेवट आधी कळल्याने मित्राचा शोधाचा आनंद हरवेल, परंतु अभ्यास पुरा केला तर करुण त्याला तरीही भेटेल. अभ्यासावाचून नुसता शेवट कळला, तर मात्र त्याच्या हाती केवळ माहिती उरेल.

४

‘जर्नी’ हा खेळ २०१२ मध्ये आला. त्याची निर्मिती दॅटगेमकंपनी या अमेरिकी संस्थेची, आणि जेनोव्हा चेन त्याचा दिग्दर्शक. झगा घातलेली एक आकृती वाळवंटातून दूरच्या पर्वतशिखराकडे निघते. वाटेत दुसरी तशीच आकृती भेटते. ती दुसरा प्रत्यक्ष माणूस असते, जगात कुठेतरी बसून त्याच क्षणी खेळणारा. दोघांना बोलता येत नाही, लिहिता येत नाही, एकमेकांचे नाव कळत नाही. एक सूर तेवढा काढता येतो, आणि जवळ आल्यावर एकमेकांना बळ देता येते. अखेरच्या बर्फाळ चढणीवर वारा दोघांचे बळ हिरावत असताना अनेक खेळाडू या अनोळखी आकृतीला बिलगून चालतात.

येथे लक्षणीय गोष्ट ही, की सोबती निवडता येत नाही. जिवलग मित्राला बोलावून ‘चल, आपण दोघे जाऊ’ असे म्हणण्याची सोयच या रचनेत नाही. मैत्रीचा अनुभव देणारा हा खेळ प्रत्यक्ष मित्राला दाराबाहेर ठेवतो. नाव, भाषा, वय, देश यांची पुटे गळून पडल्यावर केवळ सोबत उरते, आणि साधारणीकरण म्हणजे काय हे त्या सोबतीतून कळते. श्रेयनामावलीनंतर भेटलेल्या सोबत्यांची खेळनावे पडद्यावर येतात. ज्याला एकच सोबती मानले ते प्रत्यक्षात दोघे-तिघे होते, हे कित्येकांना तेव्हा उमगते. या खेळाबद्दल मित्राला सांगणे म्हणजे एका मित्राजवळ दुसऱ्या, आता कधीही न भेटणाऱ्या सोबत्याविषयी बोलणे होय.

फारेसने नंतर हेझलाइट ही संस्था काढून याच्या नेमकी उलट दिशा धरली. ‘अ वे आउट’ (२०१८) हा खेळ एकट्याला खेळताच येत नाही. दोन कैदी तुरुंगातून पळतात, पडदा दुभंगलेला असतो आणि प्रत्येक अर्ध्यामागे एक खेळाडू असतो. एकाने खेळ विकत घेतला की दुसऱ्याला निमंत्रणावरून विनामूल्य सामील होता येते. मित्राला अनुभव देण्याची ओढ येथे विक्रीव्यवस्थेतच मान्य केली आहे. अखेरीस एक कैदी वेषांतरित पोलीस असल्याचे उघड होते, आणि इतका वेळ भिंती चढताना एकमेकांना आधार देणाऱ्या दोन मित्रांना एकमेकांवर बंदूक रोखावी लागते. दोघेही नट, दोघेही प्रेक्षक, आणि प्रत्येकाचा आलंबनविभाव शेजारच्या खुर्चीत. येथे अनुभव सांगण्याचा प्रश्न उरत नाही, पण नवा प्रश्न उभा राहतो: खेळून झाल्यावर एकमेकांकडे बघायचे कसे?

‘ब्रदर्स’चे २०२४ मध्ये नवे रूप आले, त्यात शेजारी बसून दोघांनी खेळण्याची सोय केली आहे. मित्राला सहभागी करून घेण्याची इच्छा रास्त आहे, परंतु थोरला एकाच्या हाती आणि धाकटा दुसऱ्याच्या हाती दिल्यावर दोन हात एका शरीराचे राहत नाहीत. पुराच्या काठावर एकाच देहातील एक हात दुसऱ्याला आधार देतो, हा अर्थ मग तसाच राहू शकत नाही. वाटून घेतल्याने जे वाढते असे मानले जाते, ते येथे वाटून घेतल्यामुळेच विभागले जाते.

५

मग ‘ब्रदर्स’सारखा खेळ मित्राला द्यायचा कसा? उत्तर आचारात आहे आणि ते खेळाडूंच्या रोजच्या व्यवहारात सापडते. खेळ पुरा केलेला माणूस कंट्रोलर मित्राच्या हाती देतो आणि शेजारी गप्प बसतो. हे गप्प बसणे सोपे नसते. काठाशी मित्र अडखळतो, चुकीचे बटण पुन्हा पुन्हा दाबतो, आणि शेजारच्याच्या ओठांवर उत्तर असते. ते सांगितले तर अडचण सुटेल आणि अनुभव विझेल.

या मौनात एक नवी आस्वादस्थिती निर्माण होते. पहिला खेळाडू आता नट राहिलेला नाही. तो प्रेक्षक झाला आहे. पण तो केवळ पडद्याचा प्रेक्षक नाही. त्याची दृष्टी मित्राच्या हातावर आणि चेहऱ्यावर आहे. स्वतः खेळताना त्याला न मिळालेली जागा, म्हणजे कृतीच्या भारातून मोकळ्या झालेल्या सहृदयाची जागा, त्याला मित्रामुळे मिळते. आपल्या हातातील अभ्यास दुसऱ्याच्या हातात मुरताना तो पाहतो. मित्राला अनुभव देण्याच्या ओढीत ही परतफेडही आहे.

मराठी परंपरेला अशी रचना अगदीच अपरिचित नाही. जात्यावर समोरासमोर बसलेल्या दोघी एकच खुंटा धरून दळतात. एक ओवी म्हणते, दुसरी ती उचलते, आणि सासर-माहेराचे दुःख फिरत्या जात्याबरोबर दोघींत फिरते. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांच्या पुढाकाराने एक लाखांहून अधिक ओव्या संकलित झाल्या. हे संकलन अमोल आहे, पण छापील ओवी वाचणाऱ्याच्या हाताला जात्याचा भार कळत नाही, हेही तितकेच खरे. ओवी आणि व्हिडिओ गेम यांत काळ, श्रम, साधन यांचे प्रचंड अंतर आहे. दळण ही गरज होती, खेळ ही निवड आहे. तरीही अर्थाचा काही भाग हातात राहतो आणि तो ज्याच्या हाती खुंटा आहे त्यालाच मिळतो, हे दोन्हीकडे समान आहे.

६

तौलनिक साहित्याभ्यासाला यातून दोन गोष्टी घ्याव्या लागतील. पहिली भाषांतराबाबत. ‘ब्रदर्स’मधील पात्रे एक कल्पित भाषा बोलतात, ‘जर्नी’त शब्दच नाहीत. मराठी, मल्याळम वा स्वीडिश भाषक या खेळांसमोर एकाच पायरीवर उभा असतो. पण म्हणून भाषांतराचा प्रश्न मिटत नाही, तो भाषेतून हातात सरकतो. ज्याने कधी कंट्रोलर धरला नाही, वा ज्याचे दोन्ही हात चालत नाहीत, असा मित्र या संहितेपुढे निरक्षर ठरतो. या माध्यमाच्या सार्वत्रिकतेविषयी बोलताना ही मर्यादा नजरेआड करता येणार नाही.

दुसरी गोष्ट समीक्षेबाबत. खेळाची समीक्षा अनुभवाचे वर्णन करते, आणि वर्णन करताना मित्राच्या वाटचा शोध खर्ची घालते. हे टाळता येण्याजोगे नाही. परंतु समीक्षेने कथानकाच्या सारांशावर थांबून खेळाला बाळबोध ठरवणे, हे छापील ओवी वाचून जात्याचे वजन सांगण्यासारखे आहे. खेळाने हाताला कोणती सवय लावली, ती कोणत्या क्षणी मोडली वा पुन्हा बोलावली, याची नोंद समीक्षेला घेता येते. ती नोंद घेतली, की मित्रापुढे शब्द अडलेल्या खेळाडूची अवस्था भावविवशता म्हणून बाजूला सारता येत नाही. त्याच्याजवळ सांगण्यासारखे काही नव्हते असे नाही; सांगून देता येण्यासारखे ते नव्हते, एवढेच.