संहिता, पदपाठ आणि खेळातील संगीत

ऋग्वेदाचा पाठ परंपरेने दोन रूपांत जतन केला आहे. संहितापाठात शब्द संधिनियमांनी एकमेकांस जोडलेले असतात. शाकल्याच्या पदपाठात तेच शब्द सुटे करून मांडलेले असतात. मंत्र कानांवर पडतो तो संहितेच्या रूपात. त्याची फोड कळते ती पदपाठाच्या आधाराने. एकाच वाङ्मयाची ही दोन रूपे शेजारी शेजारी सांभाळावीत, या निर्णयामागे भाषेविषयीची एक सूक्ष्म जाणीव आहे. जोडलेल्या रूपावरून सुटे रूप प्रत्येक वेळी निश्चितपणे काढता येतेच असे नाही. संधीत काही तरी लोपते, आणि जे लोपले ते केवळ तर्काने परत मिळविणे धोक्याचे असते.

व्हिडिओ गेममधील संगीताच्या सुट्या वाद्य-ट्रॅकांचा प्रश्न वरवर पाहता अगदी निराळ्या क्षेत्रातला वाटतो. पण त्याचे मूळ स्वरूप हेच आहे. खेळाच्या फायलींत फेरफार करून त्याला नवे रूप देण्याच्या उद्योगास ‘मॉड’ ही संज्ञा रूढ आहे. संगीताचे मॉड करणाऱ्यास गिटार, बेस, ड्रम, गायन हे प्रत्येक अंग वेगळे हवे असते. त्याच्या हाती बहुधा पडते ते मात्र सर्व अंगे एकजीव झालेले अखेरचे मिश्रण. सुटे ट्रॅक मिळावेत ही मागणी सामान्यतः सोयीची मागणी म्हणून मांडली जाते, आणि केवळ सोयीची म्हणूनच ती फेटाळलीही जाते. वस्तुतः ती अर्थनिर्णयाच्या साधनांची मागणी आहे, आणि तिचा विचार त्याच पातळीवर व्हावयास हवा.

प्रारंभीच्या काळात हा प्रश्न फारसा उद्भवत नसे. १९८३ साली जपानात आलेल्या निन्टेंडोच्या फॅमिकॉम यंत्रात ध्वनीचे पाच मार्ग होते: दोन चौकोनी तरंगांचे, एक त्रिकोणी तरंगाचा, एक खरखरीचा व एक मुद्रित नमुन्यांचा. १९९० सालच्या सुपर फॅमिकॉममध्ये हे मार्ग आठ झाले. या यंत्रांत कोणत्या मार्गावर कोणता स्वर किती वेळ वाजवावयाचा याच्या सूचना साठविलेल्या असत, आणि संगीत खेळताना प्रत्येक वेळी नव्याने सिद्ध होई. आयडी सॉफ्टवेअरच्या ‘डूम’ (१९९३) या खेळातील बॉबी प्रिन्स यांचे संगीतही अशाच सूचनांच्या रूपात, वेगळे काढता व बदलता येईल अशा रीतीने, खेळाच्या फायलीत ठेवलेले होते. तीनच वर्षांनी, १९९६ साली, त्याच कंपनीचा ‘क्वेक’ आला. त्यातील नाइन इंच नेल्स या वाद्यवृंदाचे संगीत सीडीवर तयार मुद्रणाच्या रूपात होते. ती सीडी साध्या सीडी-प्लेयरवरही वाजे. नादाच्या समृद्धीच्या दृष्टीने ही मोठीच मजल होती. परंतु त्याबरोबर संगीताची फोड करण्याचा मार्ग बंद झाला. अख्खा तुकडा काढून दुसरा बसविता येई. त्यातील एखादे वाद्य तेवढे बदलता येत नसे.

सुट्या ट्रॅकांचे महत्त्व सर्वांत स्पष्ट झाले ते हार्मोनिक्सच्या ‘गिटार हीरो’ (२००५) व ‘रॉक बँड’ (२००७) या खेळांमुळे. गिटारच्या आकाराचे साधन हाती घेऊन पडद्यावरील खुणांनुसार कळा दाबावयाच्या, असे या खेळाचे स्वरूप आहे. खेळणाऱ्याने एखादी खूण चुकविली की गाण्यातील गिटारचा आवाज तेवढ्यापुरता नाहीसा होतो. ड्रम व गायन चालूच राहतात. म्हणजे सुटा ट्रॅक ही येथे ध्वनिमुद्रणशाळेतील अंतर्गत बाब राहत नाही. भाषाशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर त्याच्या असण्या-नसण्याने अर्थभेद होतो. २०१७ साली आलेल्या ‘क्लोन हीरो’ या विनामूल्य खेळात खेळणारे आपापली गाणी घालतात. ज्या गाण्याचे केवळ एकजीव मिश्रण उपलब्ध असते ते गाणे तेथे वाजते खरे, पण चुकीला उत्तर देत नाही. खेळणारा चुकतो आणि गिटार निर्विकारपणे वाजत राहते. खेळाचे व्याकरणच तेथे मोडते.

या खेळांनी आणखी एक गोष्ट उघडकीस आणली. सुटे ट्रॅक जपून ठेवण्याची दक्षता ध्वनिमुद्रणाच्या व्यवसायानेही सर्वत्र घेतलेली नव्हती. सेक्स पिस्टल्स या ब्रिटिश वृंदाचे १९७६ सालचे ‘अनार्की इन द यू.के.’ हे गाणे ‘गिटार हीरो ३’ (२००७) मध्ये घ्यावयाचे ठरले, तेव्हा त्याच्या मूळ बहुट्रॅक फिती सापडल्या नाहीत, आणि वृंदाला ते गाणे पुन्हा मुद्रित करावे लागले. ‘द बीटल्स : रॉक बँड’ (२००९) च्या बाबतीत अडचण निराळी होती. बीटल्सची आरंभीची गाणी दोनच ट्रॅकांवर मुद्रित झाली होती, आणि एकेका ट्रॅकवर अनेक वाद्ये एकत्र होती. जाइल्स मार्टिन व त्यांच्या सहकाऱ्यांना ती वाद्ये ध्वनिशोधनाच्या साधनांनी एकमेकांपासून वेगळी करावी लागली. संहिता पदांतून निघते की पदे संहितेतून, हा वाद निरुक्तापासून भर्तृहरीपर्यंत चालत आलेला आहे. संगीताच्या या क्षेत्रात त्याची दोन्ही उत्तरे खरी ठरतात. ‘डूम’मध्ये पदे मूळ आणि संहिता त्यांपासून निघालेली, बीटल्सच्या त्या गाण्यांत संहिता मूळ आणि पदे ही मागाहून केलेली फोड.

सुट्या ट्रॅकांमुळे श्रोत्याची टीकाशक्ती कशी वाढते याचे उदाहरण २००८ साली मिळाले. त्या वर्षीच्या सप्टेंबरात मेटॅलिका या अमेरिकन वृंदाचा ‘डेथ मॅग्नेटिक’ हा अल्बम प्रसिद्ध झाला, आणि त्याच सुमारास त्यातील गाणी ‘गिटार हीरो ३’ साठीही उपलब्ध झाली. सीडीवरील ध्वनी इतका दाबून मोठा केला होता की तो जागोजागी फाटत असे. खेळातील सुट्या ट्रॅकांत हा दोष बराच कमी आहे, हे श्रोत्यांनी दोन्ही रूपे ताडून दाखवून दिले. काहींनी त्या ट्रॅकांवरून स्वतःची मिश्रणे सिद्ध केली. आपल्याकडे आलेले मिश्रण आधीच दाबलेले होते, असे मास्टरिंग करणाऱ्या अभियंत्यानेही सांगितल्याचे प्रसिद्ध झाले. वादन व मूळ मुद्रण सदोष नव्हते. दोष होता तो संधीत. सुटे ट्रॅक हाती नसते तर श्रोत्याची तक्रार ‘ऐकवत नाही’ एवढ्यावरच थांबली असती. दोषाचे स्थान दाखविता आले, ते फोड उपलब्ध होती म्हणून. मॉडकार येथे पाठचिकित्सकाचेच काम करीत होता.

तथापि सुटा ट्रॅक म्हणजे निखळ, व्याख्यानिरपेक्ष सत्य, असे मानणे मात्र चुकीचे होईल. पदपाठ हे संहितेवरील पहिले भाष्य आहे, आणि भाष्य चुकू शकते. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील एका ऋचेत येणाऱ्या ‘वायो’ या वर्णसमूहाची फोड शाकल्याने ‘वा’ आणि ‘यः’ अशी केली. यास्काने निरुक्तात ती नाकारली. तशी फोड केल्यास क्रियापदावर उदात्त स्वर असावयास हवा होता आणि अर्थही अपुरा राहतो, असे त्याचे म्हणणे. संगीतातही विभागणी कोणी केली व कशासाठी केली हे पाहावेच लागते. ‘रॉक बँड’मध्ये ड्रमचे अनेक ट्रॅक केलेले असतात, कारण खेळणारा ते वाजवितो, जी वाद्ये खेळणाऱ्याच्या वाट्याला येत नाहीत ती सर्व एका ट्रॅकमध्ये एकत्र असतात. ही फोड संगीताच्या रचनेवरून झालेली नसून खेळाच्या गरजेवरून झालेली आहे. फॅमिकॉमचा ध्वनिमार्ग म्हणजेही एक वाद्य नव्हे. एकाच मार्गावर स्वर अतिजलद फिरवून संगीतकार संपूर्ण स्वरसंघाचा भास निर्माण करीत. आणि खेळातील उडीचा किंवा आघाताचा ध्वनी आला की तो संगीताचा एखादा मार्ग क्षणभर बळकावून बसे. मार्ग आणि वाद्य यांत अक्षर आणि पद यांच्याइतके अंतर आहे.

संगणकाने केलेल्या फोडीस हीच कसोटी लाविली पाहिजे. फ्रान्समधील डीझर या कंपनीने २०१९ साली ‘स्प्लीटर’ हा कार्यक्रम खुला केला. तो एकजीव मिश्रणातून गायन, ड्रम, बेस, पियानो आणि ‘इतर’ असे जास्तीत जास्त पाच ट्रॅक वेगळे करतो. त्यानंतर अशी साधने बरीच सुधारली, आणि मॉडकारांना त्यांचा मोठाच आधार झाला. पण ही फोड शिकविलेल्या नमुन्यांवरून केलेले अनुमान असते. झांजेचा अंश गायनात राहतो, गायनाची छाया ड्रमवर पडते, आणि ज्याचे नाव यंत्राला ठाऊक नाही ते सारे ‘इतर’मध्ये जाते. सतार, सनई किंवा तंबोरा यांस या वर्गीकरणात स्वतंत्र स्थान नाही. शिवाय, यास्कापाशी शाकल्याला विरोध करण्यास स्वराचा व अर्थाचा पुरावा होता. येथे मूळ ट्रॅक उपलब्ध नसल्यास फोड बरोबर की चूक हे ठरविण्याचे निर्णायक प्रमाणच नसते. अनुमान कितीही कुशल असले तरी ते मूळ पाठाची जागा घेऊ शकत नाही.

मागणीची दुसरी मर्यादाही ध्यानात घेणे अवश्य आहे. पदे मिळाली म्हणून संहिता मिळाली असे होत नाही. पदांवरून संहिता कशी सिद्ध होते हे सांगण्यासाठी प्रातिशाख्ये रचावी लागली. लुकासआर्ट्सच्या ‘मंकी आयलंड २’ (१९९१) मध्ये मायकेल लँड व पीटर मॅककॉनेल यांनी सिद्ध केलेली ‘आयम्यूज’ ही पद्धती प्रथम वापरली गेली. नायक वुडटिक गावात एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी गेला की तीच धून न तुटता नव्या वाद्यांत शिरते. ‘बँजो-काझूई’ (१९९८) मध्ये ग्रँट कर्कहोप यांची एकच धून खेळणारा कोणत्या दाराजवळ आहे त्यानुसार वेष पालटते. अशा रचनेतील प्रत्येक वाद्य सुटे हाती दिले, पण कोणते वाद्य केव्हा उमटावे व केव्हा मावळावे याचे नियम दिले नाहीत, तर शब्द मिळतील आणि वाक्य हरवेल. अल्बमच्या रूपाने प्रसिद्ध होणारे अशा संगीताचे मिश्रण हे अनेक शक्य पाठांपैकी एक होय. त्यालाच मूळ समजणे हा पाठभ्रम आहे.

सुटे ट्रॅक खुले केल्यास रचनेची मोडतोड होईल, हा आक्षेप अगदीच निराधार नाही. संगीतकाराने वाद्यांचे जे प्रमाण योजिले तोही त्याच्या निर्मितीचाच भाग असतो. शिवाय बाहेरून घेतलेल्या गाण्यांवर खेळाच्या कंपनीची मालकी नसते. ती त्यांचे ट्रॅक आपल्या अखत्यारीत वाटू शकत नाही. मालकीच्या अडचणीवर कायदेशीर परवानगी हाच उपाय आहे. मोडतोडीच्या भीतीस मात्र परंपरेचे उत्तर पुरेसे आहे. पदपाठाने संहितेला बाधा आली नाही. उलट तिच्या रक्षणास त्याचे साह्यच झाले. संगीतकारांनाही हे अमान्य नसावे. ‘क्वेक’चे बंदिस्त संगीत ज्या नाइन इंच नेल्सने दिले, त्याच वृंदाने २००५ साली आपल्या ‘द हँड दॅट फीड्स’ या गाण्याचे सुटे ट्रॅक श्रोत्यांच्या हाती विनामूल्य दिले. त्यामुळे मूळ गाणे नाहीसे झाले नाही. ते अधिक बारकाईने ऐकले जाण्याची सोय झाली.

तेव्हा खेळासाठीच रचलेल्या संगीताच्या बाबतीत तरी तीन गोष्टी एकत्र जतन व्हाव्यात, अशी अपेक्षा रास्त आहे: अखेरचे मिश्रण, संगीतकाराने स्वतः केलेली फोड, आणि जोडणीचे नियम. त्या तत्काळ प्रसिद्ध होतील की काही काळाने, हा व्यवहाराचा प्रश्न आहे. जतनाचा प्रश्न मात्र लांबणीवर टाकता येत नाही. सेक्स पिस्टल्सच्या फिती कोणी बुद्ध्या नष्ट केल्या असे नाही. त्या हव्या झाल्या तेव्हा सापडल्या नाहीत, इतकेच. वृंद हयात होता म्हणून गाणे पुन्हा मुद्रित करता आले. प्रत्येक रचनेला तेवढा अवधी मिळेल असे गृहीत धरता येणार नाही.