मापाची परीक्षा

काना गावच्या लग्नाचा प्रसंग वाचताना आपले लक्ष स्वाभाविकपणे प्रभूकडे, त्याच्या मातेकडे आणि त्या सहा दगडी रांजणांकडे जाते. भोजनाच्या कारभाऱ्याकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. वास्तविक योहानाच्या शुभवर्तमानातील हा गृहस्थ एक जाणकार समीक्षकच होय. द्राक्षारस कोठून आला हे त्याला ठाऊक नव्हते. पण घोट घेताच तो उत्तम असल्याचे त्याने ओळखले आणि वराला बोलावून तसे सांगितलेही. त्याच्या लेखी पेयाची पारख हा पापाचा विषय नव्हता आणि थट्टेचाही नव्हता.

आपल्या समाजाला ही वाट अजून सापडलेली नाही. एकीकडे व्यासपीठावरून सरसकट निषेध होतो, तर दुसरीकडे पडद्यावरचा ख्रिस्ती माणूस असतो. 'बॉबी'मधला (1973) जॅक ब्रगांझा बाटलीवाचून पुरा होत नाही. 'अमर अकबर अँथनी'तला (1977) अँथनी देशी दारूचे दुकान चालवतो आणि झिंगून आरशातल्या आपल्या प्रतिबिंबाला मलमपट्टी करतो. अभिनय म्हणून तो प्रसंग अजोड आहे आणि आम्हीही त्याला मनापासून हसलो आहोत. परंतु त्या हशामागे आमच्या कितीतरी घरांतले मुके दुःख लपून गेले, हेही खरे. निषेध आणि हशा यांच्यामध्ये विवेकाला काही जागा आहे की नाही, या प्रश्नानेच प्रस्तुत लेखकाला पणजीच्या एका ताव्हेर्नमध्ये नेले.

प्रस्तुत लेखकाचे गाव केम. सोलापूर जिल्ह्याच्या करमाळा तालुक्यातले, कुर्डुवाडीजवळचे रेल्वे स्टेशन. गावाची ख्याती कुंकवाची. कुंकवाची परीक्षा तळहातावर होते. चिमूटभर कुंकू घेऊन ते अंगठ्याने चोळायचे आणि हात नाकाशी न्यायचा. हळदीचे असेल तर हळद आपली ओळख देते. नुसता रंग असेल तर तो हाताला चिकटून बसतो, पण बोलत काहीच नाही. पारखीची ही पहिली शिकवण बालपणीच मिळाली. पिण्याच्या जागेची मात्र आमच्याकडे पारख करण्यासारखी स्थितीच नव्हती. 1949 च्या दारूबंदी कायद्याची छाया महाराष्ट्रावर अजून आहे. पिणाऱ्याला कायद्याने आजही परवाना लागतो. परिणामी दाराला पडदा, आत मंद दिवा, आणि मान खाली घालून शिरणारा, घाईघाईने पेला रिकामा करून बाहेर पडणारा माणूस, हेच दृश्य आम्ही पाहत आलो. चार माणसांनी निवांत बसून बोलायचे ते चहाच्या हॉटेलात. दारूचे दुकान बोलण्यासाठी नव्हतेच. ते होते ते केवळ भान घालवण्यासाठी.

पणजीच्या फोंतेन्यस भागात, संत सेबास्तियनच्या कपेलापासून थोड्या अंतरावर, आम्ही ज्या ताव्हेर्नमध्ये शिरलो त्याचे दार सताड उघडे होते. गोव्यातील पिण्याच्या जागेचा पहिला विशेष हाच. इथे लपवण्यासारखे काही नाही, म्हणून घाईही नाही. जागा जेमतेम एका खोलीएवढी. लाकडी बाके, झिजलेला गल्ला, भिंतीवर पवित्र हृदयाची तसबीर आणि तिच्यापुढे छोटा दिवा. कोपऱ्यात एक निवृत्त शिक्षक आणि एक सुतार सरकारी कारभारावर वाद घालत होते. दोघांपुढचे पेले अर्धा तास तसेच होते. जागेचे शील आम्हांस त्या न हललेल्या पेल्यांत दिसले.

आता पेयाविषयी. काजू पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणला, परंतु त्याच्या फळापासून फेणी काढण्याची विद्या इथल्या मातीची. झाडावरून आपोआप गळून पडलेले, पूर्ण पिकलेले फळच वेचायचे; बी काढून गर दगडी कुंडीत तुडवायचा; रस आपल्याच अंगच्या गुणाने आंबू द्यायचा. भट्टीच्या पहिल्या धारेतून उतरते ती हुर्राक. ती सौम्य, फळाच्या वासाची आणि उन्हाळ्यापुरतीच. टिकून राहणे तिच्या स्वभावात नाही. तीच पुन्हा आंबलेल्या रसासह भट्टीवर चढली की फेणी होते. माडाच्या सुरेपासून निघणारी फेणी निराळी. तिचा वास मवाळ, स्वभाव अबोल.

आम्ही प्रथम हुर्राक घेतली. लिंबू, मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची यांसह ती आली. तिला खोली नाही, पण ताजेपणाचा प्रामाणिकपणा आहे. नंतर आलेली फेणी काचेच्या मोठ्या बुधल्यातली, मालकाच्या ओळखीच्या भट्टीवरची. केमच्या सवयीने आम्ही दोन थेंब तळहातावर चोळले. मद्याचा उग्रपणा उडून गेला आणि मागे पिकलेल्या काजूचा वास बराच वेळ रेंगाळला. घोटात धार होती, पण ओरखडा नव्हता. त्यानंतर कुतूहलाने मागवलेली दुसरी फेणी शोभिवंत बाटलीतून आली. तिचा वास आधी नाकात भरला आणि तळहातावर क्षणात नाहीसा झाला. रंग उरून हळद बेपत्ता असलेल्या कुंकवाची आठवण झाली. काजूच्या फेणीला 2009 मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला, 2016 मध्ये गोवा सरकारने तिला वारशाचा मान दिला. परंतु मान कागदावर मिळतो, सचोटी प्रत्येक भट्टीवर नव्याने सिद्ध करावी लागते.

उणिवाही नोंदवल्या पाहिजेत. दूरदर्शन संचाचा गोंगाट संभाषणाचा गळा घोटत होता. शिवाय त्या खोलीत एकही स्त्री नव्हती. 'समाजाची बैठक' हे कौतुक अर्ध्याच समाजापुरते आहे, हे मान्य करावेच लागेल.

निघण्याच्या सुमारास एक मध्यमवयीन माणूस आला. हात थरथरत होते. मालकाने त्याच्याकडे पाहिले, पेला पुढे केलाच नाही. "पुरो आतां. घरा वच," एवढेच तो हळू आवाजात म्हणाला आणि चण्यांची पुडी त्याच्या हातात ठेवली. त्या दिवशीचा गल्ला तेवढ्याने घटला असेल. आमच्या मते जागेची किंमत मात्र तेवढ्याने वाढली.

डब्लिनचा कष्टकरी मॅट टॅल्बट आठवला. 1884 साली, अठ्ठाविसाव्या वर्षी, खिशात पैसा नसताना तो पबबाहेर उभा राहिला. ज्यांना त्याने अनेकदा पाजले होते त्या मित्रांपैकी कोणीच त्याला आत नेले नाही. घरी जाऊन त्याने दारू न पिण्याची शपथ घेतली आणि 1925 मध्ये मृत्यू येईपर्यंत पाळली. 1975 मध्ये पोप सहावे पॉल यांनी त्याला 'वंदनीय' घोषित केले. त्या पबमधले पेय उत्तमही असेल. पण दारात उभ्या माणसाची तिथे कोणाला पर्वा नव्हती.

बेन सिराच्या ज्ञानग्रंथात मद्याचा गौरव आहे आणि इशाराही आहे. दोहोंना जोडणारा शब्द एकच, माप. ताव्हेर्नची समीक्षा करणाऱ्याने ते दोन ठिकाणी तपासावे. पेल्यात ओतलेले खरे आहे काय, आणि ओतणाऱ्या हाताला थांबणे ठाऊक आहे काय? आम्ही पाहिलेली जागा पहिल्या परीक्षेत निम्मी उतरली. दुसऱ्या परीक्षेत ती पूर्ण उतरली, आणि त्यासाठी तिचे पहिले अपयश क्षम्य मानावे असे आम्हांस वाटते.